मदत हवी आहे: पाळीच्या आधी वजन दीड-दोन किलोंनी चढतं, डाएट चालू असूनही

वय ३८. थायरॉईड, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल, बीपीही ठीक, गोळ्या कुठल्याच चालू नाहीत. कंबरेचं माप हळूहळू उतरतंय, पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात काटा वर जातो, अंगठी बोटात रुतते, संध्याकाळी मोज्यांचे वळ घोट्यावर तसेच राहतात. लोणचं-पापड बंद केलंय, मीठ ५ ग्रॅमच्या आत, पाणी भरपूर. भात-पोळी पोटभर खाल्ली की ग्लायकोजेनसोबत (म्हणजे स्नायू-यकृतात साठवलेली साखर) पाणीही साठतं (१ ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम), त्यामुळे लग्नाच्या पंगतीनंतरचा आकडा मी धरतच नाही. पाणी उतरवायच्या गोळ्या, काढे कृपया सुचवू नका, ते घेणार नाही. खरी चरबी उतरतेय की नाही हे कळायला आठवड्याची सरासरी बघायची, की मागच्या पाळीच्या त्याच दिवसाच्या वजनाशी ताडून बघायचं?