‘माती’ म्हणजे दफनच का?

आमचे चुलत सासरे परवा सोलापुरात वारले. व्हॉट्सॲपवर निरोप फिरला : ‘माती दुपारी ४ वा., मोदी स्मशानभूमी.’ पुण्याच्या जाऊबाईंनी विचारलं, तुमच्यात पुरतात का? तिथं तर सरण रचलेलं. मग ‘माती’ कशी? आणि तेराव्याच्या पत्रिकेत नावाआधी काय लिहायचं?

— आपल्याकडं माती म्हणजे अंत्यविधी, दहन असो की दफन. ‘मातीला जाऊन आलो’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. अंत्ययात्रा फक्त पेपरात निघते. ‘मयत’ दोन्हीकडं चालतं. ‘मयतीला गेलो’ म्हणजे विधीला, ‘मयत कधी उचलणार’ म्हणजे देह.

— आम्हा लिंगायतांत ती खरोखरच माती. देहाला विभूती लावून, बसवून पुरतात. ‘वारले’ नाही, ‘लिंगैक्य झाले’. बसवण्णांच्या विचारात पाच सूतकं नाकारली आहेत, त्यात मरणाचंही आलं. आमची आजी तरी पाळायचीच. तिला कोण सांगणार!

— ‘सावडणं’ राहिलं की. तिसऱ्या दिवशी विझलेल्या चितेवर दूध-पाणी शिंपडायचं, राखेतली हाडं वेचून गाडग्यात भरायची. छापील निरोपात याचंच ‘रक्षाविसर्जन’ होतं, आणि मला ते खटकतं. सावडणं म्हणजे गोळा करणं. विसर्जन त्यानंतर, आपल्या जिल्ह्यात बहुतेकांचं पंढरपूरला चंद्रभागेत. हल्ली काही जण स्वतःच्याच शेतात खड्डा काढून रक्षा घालतात, वर आंब्याचं रोप लावतात. यात विसर्जन कुठं आलं? पण सावडल्याशिवाय ते रोपही लागत नाही.

— नावाआधी काय, ते घरावर आहे. सर्रास ‘कै.’ लिहितात, म्हणजे कैलासवासी. वारकऱ्यांच्यात ‘वै.’, वैकुंठवासी. बौद्ध घरांत ‘कालकथित’, मुसलमानांसाठी मराठी पेपरात ‘पैगंबरवासी’. फ्लेक्सवाला मात्र विचारत नाही, दिसेल त्याला कै. डकवतो. आमच्या गल्लीत एका माळकरी आजोबांच्या फोटोखाली तसंच छापून आलं. आजींनी फ्लेक्स परत पाठवला. म्हणाल्या, “जलमभर पंढरीची वारी केली ओ त्यांनी, कैलासाला कशाला जातेत?” तुमच्या सासऱ्यांच्या गळ्यात माळ होती का, ते आधी बघा.