१६० किलोवॅट स्क्रू कॉम्प्रेसर गरम झाला की व्हायब्रेशन वाढतं, एअरएंड (हवा दाबणारा स्क्रूचा भाग) खोलू का?

सातपूरकर_फिटर:
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत आमच्याकडे १६० किलोवॅटचा स्क्रू आहे. मोटर १४८५ आरपीएम, कपलिंगने थेट मेल रोटरला (एअरएंडच्या दोन स्क्रूंपैकी मोटर फिरवते तो). थंड असताना मोटरच्या मागच्या बेअरिंगवर व्हायब्रेशन २.८ मिमी/सेकंद, तासाभरात ६ च्या वर. एअरएंडवर जेमतेम ३. मीटरवर १०० हर्ट्झच्या आसपास मोठा पीक (ग्राफमधलं टोक). सर्व्हिसवाले म्हणतात रोटरचं बेअरिंग गेलं, एअरएंड ओव्हरहॉलला पाठवा. कोटेशन आल्यापासून साहेब माझ्याकडे असे बघतात, जणू ते बेअरिंग मीच खाल्लं.

अंबडचा_म्हातारा:
भाऊ, एअरएंडला हात लावू नकोस. हलतेय मोटर आणि खोलायचा एअरएंड, हा कुठला न्याय?

आधी सांग, पीक १०० ला आहे की ९९ ला? १४८५ भागिले ६०, म्हणजे २४.७५. मेल रोटरला चार लोब (उंचवटे) असतील तर त्याची चौपट ९९. ते हवेचे ठोके, स्क्रूत थोडेफार असायचेच. पण आपली विजेची लाइन ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. तो पीक विजेचा, मोटरच्या एअरगॅपमधून (आतल्या फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या फटीतून) येतो. मीटर १००० हर्ट्झ आणि ग्राफच्या ४०० लाइनवर असेल तर एकेक लाइन अडीच हर्ट्झची, दोन्ही एकातच मिसळणार. २०० हर्ट्झ, १६०० लाइन लाव. मग मीटर चालू ठेवून मोटर बंद कर. सप्लाय तुटल्या क्षणी पीक गेला तर विजेचा, वेगाबरोबर खाली घसरत गेला तर रोटरचा.

आणि बेअरिंगचा पीक सहसा वेगाच्या पूर्ण पटीत बसत नाही, अधेमधेच येतो. तसं काही दाखवलं का त्यांनी?

विजेचा निघाला तर सप्लाय लॉक करून मोटरचे पाय बघ. डायल (बारीक हालचाल मोजायचा गेज) लावून एका वेळी एकच बोल्ट ढिला कर. पाय ०.०५ मिमीच्या वर उचलला तर तो मुळात टेकलेलाच नव्हता, बोल्टने ओढून बसवलाय. फ्रेम पिळते, गॅप एका बाजूला कमी होतो.

सिन्नर_युटिलिटी:
हॉट अलाइनमेंटही (गरम झाल्यावर दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का) बघा. ३१५ फ्रेम असेल तर शाफ्ट पायापासून ३१५ मिमी उंच. बॉडी ३० अंश तापली की तो साधारण ०.१ मिमी वर येतो. एअरएंडचं वाढणं वेगळं. थंड असताना किती ऑफसेट (उंचीतला फरक) ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं.

सातपूरकर_फिटर:
काका, पीक १०० वरच निघाला, बंद करताच गायब! मागचा डावा पाय ०.२२ उचलला. खाली पत्र्याचे पाच-सहा तुकडे कोंबलेले, त्यातला एक गंजून फुगलेला. शिम (पायाखालच्या पातळ पट्ट्या) कुठल्या घालू?

अंबडचा_म्हातारा:
स्टेनलेसच्या. एक जाड, वर एक-दोन पातळ, बास. जास्त थर झाले की स्प्रिंगसारखे दबतात. पायाखालचा रंग आणि गंज घासून काढ, नंतर अलाइनमेंट पुन्हा घे. आणि आधीचा-नंतरचा दोन्ही ग्राफ सर्व्हिसवाल्यांना मेल कर, साहेबांना सीसीत ठेवून.