‘दाखल’ झालं, पण ‘बजावलं’ का?

रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका: इथल्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. नोकरी सुटल्यावर मिळणारा बेरोजगारी विम्याचा लाभ नाकारला तर पुढे काय, हा विषय. आधी ३० दिवसांत अपील, ते प्रशासकीय न्यायाधीशांपुढे चालतं. तिथे हरलात तर हा विमा पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या आयुक्तांकडे, पुन्हा ३० दिवस. तिथेही हरलात तर सुपीरियर कोर्ट, परत तेच ३० दिवस. इथवर मराठी सुरळीत चाललं. मग वाक्य आलं की कोर्टातली याचिका मुदतीत ‘फाइल’ही व्हायला हवी आणि ‘सर्व्ह’ही, म्हणजे विरुद्ध पक्षाला रीतसर दिलीही जायला हवी. ‘फाइल’ला ‘दाखल’ आहेच. ‘सर्व्ह’ला ‘बजावणे’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. नोकरी गेलेला माणूस सरकारला काय बजावणार? ‘पोहोचवणे’ चालेल का?

सातारा: ताई, मी कोर्टात नाझर होतो, बेलीफ माझ्या हाताखाली. हसू का आलं ते सांगतो. ‘बजावणे’च्या मुळाशी फारसी ‘बजा’ आहे, म्हणजे जागच्या जागी. हुकूम बजा आणायचा म्हणजे पुरा करायचा. अंमलबजावणी, कर्तव्य बजावणे, मतदानाचा हक्क बजावणे, ही सगळी त्याच घरातली. पण आपल्याकडे समन्स काढतं कोर्ट, घेऊन जातो कोर्टाचा बेलीफ, आणि समोरच्याने नाकारलं तर दारावर चिकटवून येतो. शिवाय घरात आई मुलाला ‘उशीर करू नकोस’ म्हणून बजावते. दोन्हीकडे शब्द वरून खाली येतो. तुमच्याकडे तो खालून वर चाललाय, एवढंच. तरी सोडू नका. ‘पोहोचवणे’ टिफिनचंही होतं. कायद्याच्या हिशेबात धरलं जाईल असं पोचणं ‘बजावणे’तच आहे.

रेडमंड: काका, पटलं. पण खरा घोळ पुढेच आहे. शब्द एकच, अर्थ माणसागणिक वेगळा. आयुक्तांचा निर्णय पोस्टात पडला की तो तुमच्यावर ‘सर्व्ह’ झाला. तुमचे ३० दिवस तिथून धावायला लागतात, पाकीट उघडलंत की नाही कोण विचारतो! उलट तुमची याचिका त्या सरकारी खात्यावर सर्व्ह करायची तर ती मुदतीत मुख्य कार्यालयातल्या प्रमुखांच्या कार्यालयात पोचलीच पाहिजे, नुसती पोस्टात टाकून भागत नाही. ॲटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचं, कार्यालय आणि प्रकरणातले इतर पक्षकार, उदाहरणार्थ जुना मालक, यांना मात्र पोस्टाने चालतं, आणि तारीख धरायची टपालाच्या शिक्क्याची.

पुणे: वकिली करतो म्हणून घाबरून लिहितोय. या तिन्हींना सरसकट ‘बजावणे’ लिहिलंत तर भारतातून गेलेला वाचक हमखास फसेल. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ सांगतं की रजिस्टर्ड टपालाने पाठवलेलं पत्र नेहमीच्या क्रमाने ज्या वेळी पोचायला हवं, त्या वेळी ते बजावलं गेलं असं धरायचं. म्हणजे वाटेतले दिवस आपण सोडून देतो. तोच हिशेब वॉशिंग्टनला लावला तर मुदत गेलीच. तेव्हा शब्द ‘बजावणी’च ठेवा, पण दर वेळी सोबत लिहा: ‘पोस्टात पडण्याची तारीख’ की ‘हातात पडण्याची तारीख’. आणि ‘दाखल’ हे कोर्टाकडे, ‘बजावणी’ ही विरुद्ध पक्षाकडे, हे एकदा ठळक सांगा. कोर्टाचा शिक्का मिळाला की काम झालं असं समजून घरी बसणारे पक्षकार आमच्याकडेही कमी नाहीत.

बाकी खालून वर जाणारा शब्द आपल्याकडे आहे की! मुंबई उच्च न्यायालयात अजून ‘हमदस्त’ चालतो. पक्षकाराने नोटीस स्वतः नेऊन द्यायची परवानगी. ‘दस्त’ म्हणजे हात.

सातारा: वा! हमदस्त घेऊन गेलेला पक्षकार परत येऊन बजावणीचं शपथपत्र देतो, ते मात्र विसरायचं नाही. आणि ताई, ‘बेकारी भत्ता’ न लिहिता ‘विमा’ लिहिलंत ते बरं केलंत. रोजगार हमीत १५ दिवसांत काम न मिळाल्यास द्यायचा तो भत्ता.

रेडमंड: हो, इथला पैसा मालकांनी भरलेल्या करातून येतो, म्हणून विमा. ‘हमदस्त’ सुंदर आहे, पण माझ्या वाचकांना तोही समजावावा लागेल. आता वाक्य असं केलंय: ‘याचिका ३० दिवसांत कोर्टात दाखल करा आणि त्याच ३० दिवसांत तिची प्रत तिघांवर बजावा. खात्याच्या हातात पडायला हवी. बाकी दोघांना पाठवताना टपालाच्या शिक्क्याची तारीख पाहा.’