रंगारी यायच्या आधी घरात काय काय करून ठेवलंत? सांगलीकरांनो, अनुभव लिहा

दिवाळीच्या आत घर आतून रंगवायचं ठरतंय. गावभागातलं जुनं दुमजली घर, खालच्या मजल्याला २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचं पाणी लागलेलं. रंग कोणता घ्यावा हे सांगणारे गल्लीगल्लीत आहेत. रंगाच्या आधीचं काम कसं केलंत, कुठे अडलं, ते लिहा. कंपन्यांची भांडणं नकोत.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीवाडीचे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं. पाणी उतरलं, गाळ काढला, आणि दिवाळीला भिंती तशा दिसायला नकोत म्हणून सासूबाईंनी घाई लावली. रंगारी म्हणाला, "वॉटरप्रूफ मारतो, काही होत नाही वहिनी." थेट पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा लेप) ओढली. उन्हाळ्यात जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटले, मागे पांढरी भुकटी. लोक तिला बुरशी म्हणतात, पण तो खार. विटांत मुरलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठून रंगाला मागून ढकलतात. वरून वॉटरप्रूफ रंग मारला की ओल आत कोंडते, एवढंच.

नंतरच्या रंगाऱ्याने आधी पुट्टीचा डबाच उघडू दिला नाही. सुटलेला गिलावा विटेपर्यंत उतरवला, खार कोरड्या ब्रशने झाडला (पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीत जातो) आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायला लावली. पाहुण्यांसमोर लाज वाटायची, पण भिंत अजून टिकून आहे. वाळली का ते बघायची त्याची युक्ती: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी सोडवायचा. भिंतीकडच्या बाजूला घाम दिसला तर थांबायचं. धागाकर्ते, तुमच्या खालच्या मजल्याला हे आधी करा.

खणभागातली काकू

जुन्या घरात चुना असतो हे विसरू नका. भिंतीवरून तळवा फिरवा, पांढरा झाला तर चुना. त्यावर पुट्टी धरत नाही, पापुद्र्यासकट खाली येते. आम्ही भिंत पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडून घेतली. माजघरात निळा, हिरवा, मग गुलाबी असे थर निघाले, दिराला आपल्या मुंजीच्या वेळचा रंग ओळखू आला!

मिरजेचा पेंटर

मी ह्याच धंद्यात हाय म्हणून सांगतो. आम्ही सकाळी नऊला दारात येतो आणि कपाट भरलेलं, भांडी मांडणीवर, दिवाणाखाली पेट्या. मग अर्धा दिवस हमाली, आणि संध्याकाळी मालक म्हणतो काम दिसंना. आदल्या रात्री कपाट रिकामं करा. सामान खोलीच्या मधोमध, भिंतीपासून तीन फूट जागा सोडा, घोडा (वर चढून रंगवायची घडवंची) लावता आला पाहिजे. पडदे, पंखा काढून ठेवा. बोर्डाच्या पट्ट्या काढायच्या तर मेन बंद करूनच, आणि स्क्रू त्या-त्या पट्टीला टेपनं चिकटवा.

पुट्टीची घमेली मोरीत धुवू देऊ नका. सिमेंटची पुट्टी पाण्यातबी घट्ट होते, पाईप तुंबला की प्लंबरचा खर्च तुमच्याच माथी.

आणि एक. पुट्टीला पॉलिश पेपर मारून झाला की रात्री भिंतीला लावून बल्ब आडवा धरून बघा. खड्डे, लाटा सगळं दिसतं. त्या वेळी बोट दाखवा, आम्हाला राग येत न्हाई. रंग झाल्यावर दाखवलं तर येतो.

विश्रामबाग

सून गरोदर होती, त्यामुळे दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमधल्या शिशाची धास्ती होती. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, पण आमच्या चौकटी त्याच्या कितीतरी आधीच्या. कोरडं घासू दिलं नाही, पाणी मारून घासून घेतलं, खाली प्लॅस्टिक, आणि ते काम होईपर्यंत सून माहेरी, माधवनगरला. बारक्या पोरांच्या घरात हे पाळाच. रंगाऱ्यालाही मास्क द्या, तो मागत नाही.

हळदवाले

स्वयंपाकघरात आधी तेलकटपणा काढा. गॅसमागची भिंत धुण्याच्या सोड्याने पुसून स्वच्छ पाण्याने दोनदा पुसली, तरी एका कोपऱ्यात प्राइमर फाटलाच. वर्षाचं तिखट-हळद शेजारी हलवा, पुट्टीची धूळ झाकणाच्या फटीतून जाते. देव पण शेजारीच ठेवले होते. त्या काकूंनी नैवेद्य एवढे केले की परत आणताना देवच येतो म्हणाले नसते.

कुपवाड रोड

सगळं बरोबर, पण दर ठरवताना काय धरलंय ते कागदावर घ्या. आम्हाला स्क्वेअर फुटाचा दर सांगितला, आणि काम निम्म्यावर आल्यावर खरवडणी वेगळी, भेगा भरणं वेगळं, छत वेगळं असं एकेक निघालं. पुट्टीचे हात किती, प्राइमर कुणाचा, दारं धरली आहेत का, सामान झाकायचं प्लॅस्टिक कोण आणणार, सगळं लिहा. आमचं वाजलं ते त्या प्लॅस्टिकवरूनच.