मुंजीचे फोटो सगळ्या नातेवाईकांना मेलने पाठवायचेत, सल्ला हवाय

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. भाच्याची मुंज झाली परवा, इथेच गंगापूर रोडला कार्यालयात. फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिलाय, त्यात सहाशेच्या वर फोटो आहेत, एकेक आठ-नऊ एमबीचा, शिवाय घरच्यांच्या मोबाइलमधले वेगळेच. पाठवायचेत कुणाकुणाला तर धुळ्याच्या आत्याला, ती ऐंशीच्या घरातली, व्हॉट्सॲप वापरत नाही पण लेकाने जीमेल शिकवलंय ते रोज सकाळी चहा झाला की नेमाने उघडते. मग डोंबिवलीचे मामा, आणि मेलबर्नची चुलतबहीण, तिला मुंजीला येता आलं नाही म्हणून ती रोज विचारतेय. काल पंधरा फोटो एकदम अटॅच केले तर जीमेलने परस्पर गूगल ड्राइव्हची लिंक करून टाकली आणि संध्याकाळी आत्याचा फोन, "अगं परवानगी मागतंय काहीतरी, फोटो कुठायत?" आत्याला मातृभोजनाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय, म्हणून व्हॉट्सॲपवर टाका असं नका सांगू प्लीज. तुम्ही लोक कसं करता?

सिडकोवाला:
ताई, जीमेलची लिमिट २५ एमबी आहे आणि ती अख्ख्या मेलची, एका फोटोची नाही. त्यात मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं, त्यामुळे ती साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि समोरचा सर्व्हर फुगलेला आकार मोजतो. म्हणून एका मेलमध्ये १७-१८ एमबीच्या वर जाऊच नका, म्हणजे तुमचे ते मोठे फोटो दोनच बसतील. झिप करून काही फायदा नाही, जेपेग म्हणजे फोटोची नेहमीची फाइल आधीच दाबलेली असते, ती अजून आक्रसत नाही.
नुसतं बघायला फोटो पाठवायचा तर लांब बाजू १६०० पिक्सेल करा, फाइल अर्ध्या-पाऊण एमबीवर येते आणि लॅपटॉपवर एकदम स्वच्छ दिसते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं, त्यात इमेज रिसायझर आहे, सगळे फोटो सिलेक्ट करायचे, राइट क्लिक, साइज निवडायची, बास. तो मूळ फाइलला हात न लावता शेजारी छोटी कॉपी करून ठेवतो, फक्त मूळच बदलायची असा एक पर्याय तिथे असतो त्यावर टिक करू नका. आयफोनच्या मेलमध्ये तर पाठवतानाच विचारतं, स्मॉल मिडियम की लार्ज.
आणि आत्यांना परवानगी मागत होतं त्याचं कारण ड्राइव्हवर ती फाइल फक्त तुमच्यापुरती होती. शेअर मध्ये जाऊन 'लिंक असलेल्या कुणालाही' करा, उघडेल.

इंदिरानगर_अ:
एवढा खटाटोप कशाला. गूगल फोटोजवर अल्बम करा, लिंक मेल करा, संपलं. बघणाऱ्याचं गूगल अकाउंट नसलं तरी उघडते. बहिणीला त्यात फोटो टाकायची मुभाही देता येते.

पंचवटीकर:
मेलबर्नच्या बहिणीसाठी अल्बम ठीक आहे, तिला सहाशेच्या सहाशे हवेच असणार. पण आत्यांना लिंक नका पाठवू हो. माझी आई येवल्याला असते, तिलाही मी मेलनेच पाठवते त्यामुळे हे मनापासून सांगतेय. म्हातारं माणूस लिंक दाबलं की भलतीकडे जातं, तिथून परत मेलमध्ये यायचं कसं ते कळत नाही, मग घाबरून बंदच करतं. फोटो मेलच्या पोटातच दिसला पाहिजे. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये फोटो घालताना दोन पर्याय येतात, इनलाइन आणि अटॅचमेंट, त्यातलं इनलाइन घ्या. मग एक ओळ मजकूर, खाली फोटो, परत एक ओळ, खाली फोटो, असं वाचत वाचत जाता येतं.
आणि ती ओळ लिहायचा कंटाळा करू नका, खरं सुख त्यात आहे. "भिक्षावळ" एवढंच नका लिहू. "हा भिक्षावळीचा, डावीकडे जांभळ्या पैठणीत वहिनीची आई, झोळीत पहिली भिक्षा तिने घातली, मागे खांबाला टेकून उभा आहे तो आपल्या बापूचा धाकटा" असं लिहा. आई असा मेल सावकाश वाचते, मग मला फोन करून बापूच्या धाकट्याची चौकशी करते, त्याच्या नोकरीची, लग्नाची, आणि दोन दिवसांनी तोच मेल उघडून शेजारच्या काकूंना दाखवते. सहाशे फोटोंच्या अल्बममध्ये हे होत नाही, तिथे माणूस नुसतं बोटाने पुढे ढकलत जातो.
एका मेलमध्ये सात-आठच फोटो ठेवा आणि विधीप्रमाणे वेगळे मेल करा, सब्जेक्टमध्ये मराठीत लिहा, मुंज मातृभोजन, मुंज भिक्षावळ, म्हणजे त्यांना पुढेमागे शोधता येईल.

लॅबवाला_रविवार_कारंजा:
प्रिंटचं मी सांगतो, रोजचं काम आहे. भिंतीवर लावायचा तो एक फोटो मूळ फाइलच पाठवा, रिसाइझ केलेला नको. हिशोब सोपा आहे, चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतो आम्ही. ४ बाय ६ ला १८०० बाय १२०० पुरतात, ८ बाय १२ ला ३६०० बाय २४०० लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० चा होऊन येतो, लोक तोच आणून १२ बाय १८ काढा म्हणतात, मग बटूच्या चेहऱ्याचे ठोकळे दिसतात. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते.
दुसरं, मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. आडव्या फोटोचं वरखालचं कापलं जातं, मुंजीच्या फोटोत नेमक्या मुंडावळ्या जातात किंवा खालचं ताट जातं. लॅबला आधी सांगा की कापू नका, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल.

नाशिकरोड_काका:
लहान मुलाचे फोटो आहेत म्हणून दोन गोष्टी. मोबाइलच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश आत लिहिलेले असतात आणि मूळ फाइल मेल केली की तेही सोबत जातात. कार्यालयातल्या फोटोंचं ठीक आहे, पण घरी काढलेले पाठवताना आधी लोकेशन काढून टाका. गूगल फोटोजच्या अल्बममध्येही लोकेशन दाखवायचं की नाही ते बटण असतं, ते बंद ठेवा. आणि लिंक ज्याच्या हातात गेली तो कुणीही बघू शकतो, कुणीतरी ती फॉरवर्ड करतंच, म्हणून सगळ्यांचं बघून झालं की महिन्या-दोन महिन्यांनी लिंक बंद करा.
चाळीस जणांना एकदम मेल करणार असाल तर पत्ते बीसीसीत टाका. टू मध्ये टाकले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात, आणि कुणी "फारच छान" म्हणून रिप्लाय ऑल केलं की तो सगळ्यांकडे जातो.
अजून एक, गूगलची फुकट जागा १५ जीबी, जीमेल ड्राइव्ह फोटोज सगळ्यांत मिळून. आत्यांचा मेलबॉक्स भरत आला असेल तर आधी त्यांच्या लेकाला जागा करायला सांगा. जागा संपली की नवे मेल येणं बंद होतं, मग बँकेचे मेलही अडकतील.

गोदाकाठची:
सगळ्यांचे खूप खूप आभार! पंचवटीकर ताई, तुमचं वाचून ठरवलंच, आत्याला विधीप्रमाणे मेल आणि प्रत्येक फोटोखाली नावं, आईला शेजारी बसवून लिहिते, कारण अर्धी माणसं मीच ओळखत नाही, तिला सगळे माहितीयेत. बहिणीला अल्बम. एक राहिलं, दादाच्या आयफोनवरचे फोटो मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत, एच-ई-आय-सी असं काहीतरी लिहून येतं.

सिडकोवाला:
आयफोनचा फॉरमॅट आहे तो, २०१७ पासून आलाय, जुन्या विंडोजला कळत नाही. दादांना सांगा सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, पुढचे सगळे जेपेगमध्ये निघतील. आधी काढलेले असतील ते आयफोनच्या मेलमधून लार्ज साइज निवडून स्वतःलाच पाठवून बघा, बहुतेक जेपेग होऊनच येतात, तेच पुढे मामांना.

लॅबवाला_रविवार_कारंजा:
ताई, मातृभोजनाचा फोटो तुमच्या फोटोग्राफरच्या पेनड्राइव्हमधला आहे ना, मग तो बहुतेक ३:२ च असेल, १२ बाय १८ ला न कापता बसेल. आठ-नऊ एमबीची फाइल मेलने आरामात जाते, त्या मेलमध्ये तो एकटाच अटॅचमेंट म्हणून ठेवा आणि धुळ्याच्या लॅबवाल्याला आत्यांच्या लेकाने तोच मेल जसाच्या तसा फॉरवर्ड करू दे. स्क्रीनशॉट काढून द्यायचा नाही, एवढं त्याला नक्की सांगा.