मदत हवी आहे: उन्हाळ्यात मऊ जेलची जाडी एकसारखी येत नाही

जळगावात मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत यकृताच्या स्टेलेट पेशी (यकृतात व्रणासारखे तंतू तयार करणाऱ्या) वाढवायला काचेवर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं मऊ जेल करतोय: 5% अ‍ॅक्रिलामाइड, 0.15% बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारं बिसअ‍ॅक्रिलामाइड), अपेक्षित ताठरपणा साधारण 4.5 किलोपास्कल. जेल जमवायला 10% एपीएस (अमोनियम परसल्फेट, अभिक्रिया सुरू करणारं) शंभरास एक, टेमेड (तिचा वेग वाढवणारं) हजारास एक.

द्रावणाच्या थेंबावर कव्हरस्लिप (पातळ काच) टेकवेपर्यंतच तो घट्ट जमतो. एक कड पातळ राहते, तिथे पेशींना खालची काच जाणवते आणि त्या ताणून पसरतात. मग फायब्रोसिसबद्दलचा (यकृत तंतूंनी कडक होण्याबद्दलचा) निष्कर्षच डळमळतो.

द्रावण बर्फात ठेवलं, व्हॅक्यूमने हवा काढली, थोडाच फरक. एपीएस निम्मं केलं, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे जमणं अडून कडा ओल्याच राहतात. ताठरपणा मोजायला एएफएम (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) नाही, स्टीलची गोळी ठेवून खळगा मोजतो. अ‍ॅक्रिलामाइड-बिसचं प्रमाण बदलायचं नाही.

एपीएस तेवढंच ठेवून टेमेड किती खाली आणावं, आणि काचाही गार कराव्यात का?