मदत हवी आहे: मराठी कीवर्डच्या छोट्या स्क्रिप्ट भाषेत ‘किंमत’ आणि ‘नाहीतर’ अडतात

प्रश्न (इंदूर):
आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठी कीवर्डची छोटी भाषा पायथनमध्ये लिहितो आहे. एका ओळीत एक आज्ञा, गट महिरपी कंसात.

किंमत = ४०
बचत = १०० - किंमत - २०
जर बचत > ५० {
    दाखव "जिलबी पण घेऊ"
}
नाहीतर {
    दाखव "नुसते पोहे"
}

पहिल्याच ओळीत ‘क’नंतर ‘अनोळखी चिन्ह’ अशी एरर येते. ‘किंमत’ऐवजी सगळीकडे ‘दर’ लिहिलं की ती जाते, पण बचत ४०ऐवजी ८० निघते. शिवाय ‘नाहीतर’ला ‘जर सापडला नाही’ म्हणतो.

प्रतिसाद १:
नावाचं अक्षर तुम्ही इझअल्फा()ने, म्हणजे ‘हे अक्षर आहे का’ सांगणाऱ्या फंक्शनने, तपासत असणार. पायथनच्या लेखी वेलांटी, काना, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. रेगेक्सचं (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) ‘शब्दचिन्ह’ही तिथेच तुटतं. पहिलं अक्षर इझआयडेंटिफायर()ने, म्हणजे ‘हे नाव म्हणून चालेल का’ सांगणाऱ्या फंक्शनने, तपासा. पुढच्या प्रत्येक चिन्हाआधी ‘अ’ जोडून तीच तपासणी करा, मात्रा आपोआप आत येतात. ४०ची काळजी नको, इंट() देवनागरी अंक वाचतं.

काना असूनही ‘दाखव’ चालतो, म्हणजे कीवर्ड बहुधा स्टार्ट्सविथ()ने, ओळीची सुरुवात जुळते का बघून, आधी पकडता. ते आजच काढा. नाहीतर कुणी ‘जरी = ५’ लिहिलं की ‘जर’ सुटा होईल आणि वेलांटी लोंबकळेल. आधी पूर्ण नाव वाचा, मग कीवर्डच्या यादीत शोधा.

८० येतात कारण १०० - (४० - २०) असं मोजलं जातंय. राशी (अख्खं गणित) वाचायचा ‘पद, वजा, मग पुन्हा राशी’ असा नियम स्वतःलाच उजवीकडून हाक मारतो. त्याऐवजी पहिलं पद घ्या, पुढे + किंवा - असेपर्यंत लूपमध्ये पुढचं पद डावीकडच्या उत्तराला जोडत चला. गुणाकार-भागाकारालाही हेच. घातांक मात्र उजवीकडूनच हवा.

प्रतिसाद २:
‘नाहीतर’चं कारण ओळ संपल्याची खूण. ‘}’पुढची ओळ बदलली की आज्ञा संपते, ‘नाहीतर’ अनाथ. ‘}’नंतर रिकाम्या ओळी ओलांडून फक्त डोकावून बघा; ‘नाहीतर’ दिसला तर त्या गिळा, नसेल तर जागच्या जागी सोडा. ‘गो’ या प्रोग्रामिंग भाषेत ‘नाहीतर’ (एल्स) ‘}’च्याच ओळीवर लागतो. मुलांवर ती सक्ती मी करणार नाही.

आणखी एक, हे डोळ्यांना दिसत नाही: ‘दुसऱ्या’मधला ऱ्या काही कीबोर्ड ‘र्’ आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) वापरून लिहितात. दिसायला तेच, पण नाव वेगळं. एनएफसी (युनिकोड मजकूर एकसारखा करायची पद्धत) केल्यानेही ते जात नाही. टोकन (कोडचे सुटे शब्द-चिन्हं) पाडण्याआधी कोडमध्ये ‘र्’ + झेडडब्ल्यूजे या जोडीच्या जागी ‘ऱ्’ घाला. अवतरणातला मजकूर तसाच राहू द्या.